हाडांत उतरलेले पाणी

मद्रास इलाख्यातल्या नेल्लोर जिल्ह्यात हा रोग आधी बैलांच्या पायांत दिसला, असे सांगतात. 1930 चे दशक होते. पोदिली, दर्शी, कनिगिरी हा सगळा कोरडवाहू मुलूख. शेतकरी बाजारातून धडधाकट बैलजोडी आणत, आणि पुढे तीच जोडी पाय ओढत चालू लागे. औताला जुंपली की खाली बसे. नवी जोडी आणली तरी तिचीही तीच गत. माणसांकडे लक्ष जायला वेळ लागला, कारण माणसाचे आखडणे फार सावकाश होते. आधी कंबर धरते, मग मान वळेनाशी होते, आणि ऐन उमेदीच्या वयात पाठीचा कणा लोखंडी कांबीसारखा ताठ होतो. मागे पाहायचे तर सगळे अंग फिरवावे लागते. बरगड्याही आखडलेल्या, त्यामुळे श्वास घेताना छाती हलत नाही, पोट तेवढे वरखाली होते. गावातल्या निम्म्याअधिक घरांत असे कुणी ना कुणी असेल, तर त्याला रोग म्हणायचे कुणाला सुचणार? म्हातारपण लवकर आले, एवढेच लोक म्हणत.

मद्रासच्या डॉक्टरांनी मात्र त्याला रोग म्हटले. गिंडीच्या किंग इन्स्टिट्यूटचे हेन्री शॉर्ट, वैद्य जॉर्ज मॅक्रॉबर्ट, क्ष-किरणतज्ज्ञ थॉमस बर्नार्ड आणि मन्नाडी नायर या चौघांचा निबंध 1937 मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ मेडिकल रिसर्च’मध्ये प्रसिद्ध झाला. यातल्या शॉर्ट यांचे नाव पुढे 1948 मध्ये हिवतापाचा जंतू रक्तात येण्याआधी यकृतात वाढतो, हे दाखवल्याबद्दल जगभर झाले. बर्नार्ड यांच्या नावाची क्ष-किरण संस्था मद्रासमध्ये आजही आहे. नेल्लोरच्या रोग्यांच्या क्ष-किरण चित्रांत हाडे नेहमीपेक्षा कितीतरी पांढरी आणि भरीव दिसत होती. मणक्यामणक्यांना बांधून ठेवणारे अस्थिबंध, जे लवचीक असायला हवेत, तेच हाडासारखे कठीण झाले होते.

असे चित्र वैद्यकाने पाच वर्षांपूर्वीच एकदा पाहिले होते, तेही फार दूर, कोपनहेगनमध्ये. तिथल्या क्रायोलाइट दळणाऱ्या कारखान्यातल्या कामगारांची हाडे अशीच झाल्याचे मोलर आणि गुडयॉन्सन यांनी 1932 मध्ये नोंदवले होते. क्रायोलाइट हे फ्लोरीन असलेले खनिज. त्याच सुमारास अमेरिकेत दातांवर तपकिरी डाग पाडणारा पाण्यातला घटक फ्लोराइडच असल्याचे 1931 मध्ये सिद्ध झाले होते. मद्रासच्या मंडळींनी हे दोन धागे जोडले. नेल्लोरचा शेतकरी कुठल्याही कारखान्यात गेला नव्हता. तो आपल्या विहिरीचे पाणी पीत होता, आणि विष त्या पाण्यात होते.

म्हणजे कारण 1937 मध्येच कळले होते. या लेखातला पुढचा सगळा काळ वाचताना हे साल ध्यानात ठेवावे. वैद्यकाच्या इतिहासात कारण सापडेपर्यंतची धडपड मोठी असते आणि सापडल्यावर उपाय भराभर होतात, असे आपण धरून चालतो. इथे कारण लगेच सापडले, आणि ऐंशी वर्षे गेली ती पाणी बदलायला.

किंग इन्स्टिट्यूटमधूनच पुढचा निबंध 1940 मध्ये आला. त्याचे पहिले लेखक चिंतामण गोविंद पंडित. हेच पंडित स्वातंत्र्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचे पहिले संचालक झाले. मराठी वाचकांना त्यांचे नाव फारसे ठाऊक नाही, याची खंत वाटते. राघवाचारी, सुब्बाराव, कृष्णमूर्ती या सहकाऱ्यांसह त्यांनी विचारलेला प्रश्न साधा आणि नेमका होता. पाण्यात फ्लोराइड असलेल्या गावांत मुलांचे दात डागाळतात, पण मोठ्यांची हाडे सगळीकडे सारखी का बिघडत नाहीत? उत्तराचा काही भाग पाण्यात नव्हता, ताटात होता. ज्यांचे जेवण निकस, त्यांना रोगाचा तडाखा जबर. मेरठचे एस. पी. एस. तेवतिया आणि मोहिनी तेवतिया यांनी पुढच्या दशकांत हेच अधिक खोलात जाऊन दाखवले. आहारात कॅल्शियम कमी असेल तर तेवढेच फ्लोराइड कितीतरी जास्त अपाय करते, आणि लहान मुलांची हाडे वाकवते. दूध परवडणाऱ्या घराला आणि न परवडणाऱ्या घराला एकाच विहिरीचे पाणी वेगवेगळे बाधते.

आता याच रोगाने ग्रासलेला नलगोंडा. हैदराबादच्या पूर्वेचा, पूर्वी निजामाच्या संस्थानात असलेला हा जिल्हा. खाली ग्रॅनाइट आणि नाइसचा जुना खडक. त्या खडकात फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी फ्लोराइड धरून ठेवणारी खनिजे आहेत. पाऊस कमी, बाष्पीभवन जास्त. जमिनीखाली पाणी खडकाच्या भेगांतून वर्षानुवर्षे झिरपत राहते. ते अल्कधर्मी असते आणि त्यात कॅल्शियम थोडे असते. कॅल्शियम पुरेसे असते तर फ्लोराइड त्याच्याशी बांधले जाऊन खालीच राहिले असते. ते नसल्यामुळे फ्लोराइड पाण्यात विरघळून राहते. पाणी दिसायला नितळ. त्याला वास नाही, फ्लोराइडची चव जिभेला लागत नाही, आणि उकळले तर फ्लोराइड जात नाहीच, उलट पाणी आटून त्याचे प्रमाण वाढते. ‘पाणी उकळून प्या’ हा सार्वजनिक आरोग्याचा सगळ्यात जुना सल्ला इथे कामाचा नव्हता.

भारतीय मानकानुसार लिटरमागे 1 मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड असावे. दुसरा स्रोत नसेल तर 1.5 पर्यंत चालेल. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादाही 1.5. असली मानके ठरवताना माणूस दिवसाला 2 लिटर पाणी पितो, असे धरलेले असते. तेलंगणाच्या उन्हात दिवसभर ज्वारीच्या शेतात राबणारा मजूर किती पाणी पितो, याचा विचार केला की मर्यादेच्या आतले पाणीही त्याला पुरते सुरक्षित वाटत नाही. आणि नलगोंडाच्या कित्येक विहिरी मर्यादेच्या आत नव्हत्याच.

1955 मध्ये डॉ. ए. एच. सिद्दीकी यांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये नलगोंडाच्या रोग्यांचा तपशीलवार अहवाल दिला. सांधे आखडणे ही या रोगाची शेवटची पायरी नाही. मणक्यांवर हाडाची नवी टोके वाढतात आणि मज्जारज्जूला दाबतात. मग पाय लुळे पडतात, मलमूत्रावरचा ताबा जातो, माणूस खाटेला खिळतो. पंजाबात पतियाळाच्या अमरजित सिंग, जॉली आणि बन्सल यांनी साठच्या दशकात अशाच रोग्यांचा मोठा अभ्यास केला. या टप्प्यावर औषध नाही. हाडातले फ्लोराइड अनेक वर्षांत थोडे थोडे बाहेर पडते, पण जुळून गेलेला सांधा सुटत नाही.

हाड जास्त भरीव होते म्हणजे बळकट होते, असा समज होऊ शकतो. शास्त्रज्ञांनाही तो झाला होता. हाडे ठिसूळ झालेल्या वयस्क बायकांना फ्लोराइड औषध म्हणून देऊन पाहण्यात आले. 1990 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या चाचणीचा निष्कर्ष आला तेव्हा मणक्यांची घनता वाढलेली होती, पण मणके मोडण्याचे प्रमाण कमी झाले नव्हते आणि इतर हाडे मोडण्याचे वाढले होते. फ्लोराइडने घडवलेल्या हाडाची घडणच बिघडलेली असते. नलगोंडाच्या माणसाने हे आपल्या शरीरावर आधीच भोगले होते.

मधल्या काळात गावांच्या पाण्यातच मोठा बदल झाला, आणि त्यात महाराष्ट्राचाही हात आहे. साठच्या दशकातल्या दुष्काळांनंतर कठीण खडकात खोल बोअर घेणारी यंत्रे खेडोपाडी आली. उघड्या विहिरींतून पटकी, नारू, हगवण पसरत होती. बंद बोअरचे पाणी जंतूंपासून सुरक्षित होते. बोअरवर बसवायला टिकाऊ हातपंप हवा होता. जालना आणि सोलापूर इथे मिशनऱ्यांच्या आणि विहीर खोदणाऱ्यांच्या खटपटीतून तयार झालेले पंप हे त्या ‘इंडिया मार्क टू’ हापशाचे पूर्वज. हा हापसा पुढे युनिसेफच्या मदतीने देशभर उभा राहिला. त्याने लाखो लोकांचे प्राण वाचवले, याबद्दल शंका नाही. नारू देशातून गेला, त्यात त्याचाही वाटा आहे. पण बोअर जितकी खोल, तितके पाणी खडकात जास्त काळ मुरलेले. ग्रॅनाइटच्या मुलखात गावकऱ्यांना जंतू नसलेले पाणी मिळाले आणि त्याबरोबर फ्लोराइडही. पाण्याची तपासणी तेव्हा जंतूंपुरती होत होती. खडकातून काय येते, हे विचारण्याची सवय सरकारी खात्यांना लागायला फार वर्षे लागली.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था नलगोंडापासून जवळच. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या के. ए. व्ही. आर. कृष्णमाचारी आणि कमला कृष्णस्वामी यांना फ्लोरोसिसच्या, म्हणजे फ्लोराइडमुळे होणाऱ्या या रोगाच्या, गावांत काहीतरी वेगळे दिसले. ताठ पाठीच्या म्हाताऱ्यांबरोबर आता कोवळी मुले होती, बहुतेक मुलगे, ज्यांचे गुडघे आत वळून एकमेकांवर घासत होते आणि पावले लांब फाकत होती. त्यांचा लेख 1973 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. क्ष-किरणात मणके या रोगात नेहमी दिसतात तसे घट्ट, पण हातापायांची हाडे विरळ, ठिसूळ. एकाच शरीरात दोन उलट गोष्टी घडत होत्या. शरीर रक्तातले कॅल्शियम सावरण्यासाठी हातापायांच्या हाडांतून ते काढून घेत होते.

हे आत्ताच का? संशोधकांची नजर नागार्जुनसागरकडे गेली. 1955 मध्ये नेहरूंनी पायाभरणी केलेले आणि 1967 मध्ये कालव्यांत पाणी सुटलेले हे धरण याच जिल्ह्याच्या हद्दीत. धरणाच्या झिरप्याने भोवतालच्या जमिनीतली पाण्याची पातळी वाढली, मातीचा अल्कधर्म वाढला, त्यामुळे ज्वारीत मॉलिब्डेनम जास्त उतरले आणि ते शरीरातले तांबे कमी करते, असा त्यांचा तर्क होता. वाय. जी. देवस्थळे, कृष्णमाचारी आणि सहकाऱ्यांनी फ्लोरोसिसच्या आणि इतर गावांतल्या भात, ज्वारी, बाजरीची तपासणी करून 1977 मध्ये ते आकडे मांडले. ज्वारी खाणाऱ्याच्या शरीरात भात खाणाऱ्यापेक्षा फ्लोराइड जास्त साठून राहते, असेही त्याच संस्थेत दिसले. धरणाबद्दलचा हा तर्क पुरता सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही; कॅल्शियमची वाण हे कारण आज जास्त भक्कम वाटते. पण या संशोधकांनी रोग्याच्या हाडावरून सुरुवात करून माती, धान्य आणि धरणापर्यंत माग काढला, ही रीत मला फार मोलाची वाटते.

याच संस्थेत पुढे अर्जुन खांडरे आणि सहकाऱ्यांनी चिंचेवर काम केले. 2002 च्या त्यांच्या निबंधात शाळकरी मुलांच्या जेवणात रोज 10 ग्रॅम चिंच दिल्यावर लघवीतून बाहेर पडणारे फ्लोराइड वाढल्याचे दिसले. आमटीतली चिंच रोग बरा करत नाही, पण गरिबाच्या स्वयंपाकघरात आधीच असलेली वस्तू शरीरात साठणारे फ्लोराइड थोडे कमी करते, हे शोधणे हेही संशोधनच.

पाणी शुद्ध करण्याचा मार्ग नागपुरात सापडला. तिथे 1958 मध्ये सुरू झालेली सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकीची केंद्रीय संस्था 1974 पासून ‘नीरी’ या नावाने ओळखली जाते. नवलाखे, कुलकर्णी, पाठक आणि बुलुसू यांनी 1975 मध्ये जी पद्धत प्रसिद्ध केली, तिला त्यांनी आपल्या शहराचे किंवा संस्थेचे नाव दिले नाही. ती ‘नलगोंडा तंत्र’ म्हणूनच जगात गेली. लागणारे सामान किराणा दुकानात मिळण्यासारखे: तुरटी, चुना आणि ब्लीचिंग पावडर. घरी करायचे तर 40 लिटरची बादली घ्यायची, तळापासून थोडी वर तोटी बसवलेली. तुरटी आणि तिच्या साधारण विसाव्या हिश्शाइतका चुना घालून दहा मिनिटे ढवळायचे आणि तासभर तसेच ठेवायचे. तुरटीतल्या ॲल्युमिनियमचा पुंजका होतो, तो फ्लोराइड धरून तळाशी बसतो. वरचे नितळ पाणी तोटीतून काढायचे. टांझानिया, इथिओपियापर्यंत हे तंत्र पोचले.

तंत्र उत्तम होते आणि त्याचे ओझे घरातल्या बाईवर होते. तुरटी किती घालायची, हे पाण्यातल्या फ्लोराइडवर आणि अल्कधर्मावर ठरते. ते मोजल्याशिवाय कळत नाही आणि विहिरीगणिक बदलते. कमी घातली तर उपयोग नाही, जास्त घातली तर पाणी कडवट लागते आणि त्यात ॲल्युमिनियम उरते. तळाचा फ्लोराइडयुक्त गाळ रोज कुठे टाकायचा? आणि हे सगळे पहाटे कामावर जाणाऱ्या मजूर बाईने, वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस, ज्या रोगाची खूण वीस वर्षांनी दिसणार आहे त्याच्यासाठी करायचे. पुढे कानपूरच्या आयआयटीने युनिसेफबरोबर सक्रिय ॲल्युमिनाचे घरगुती फिल्टर केले. त्यांनाही काही महिन्यांनी धुऊन परत तयार करावे लागे. 1986 च्या राष्ट्रीय पेयजल मिशनने फ्लोराइडसाठी वेगळे काम सुरू केले, गावोगाव संयंत्रे बसली, आणि त्यातली पुष्कळ बंद पडली. यात नागपूरच्या शास्त्रज्ञांचा दोष नाही. गावाला नदीचे पाणी आणून द्यायचे सोडून त्या बादलीलाच कायमचा उपाय मानण्यात सरकारची चूक होती, असे मी स्पष्ट म्हणेन.

लोकांचे म्हणणे तर सुरुवातीपासून हेच होते. कृष्णा त्यांच्या जिल्ह्याच्या कडेने वाहते, धरण त्यांच्याच जिल्ह्यात आहे, पण देवरकोंडा, मुनुगोडे, मर्रिगुडा हा उंचावरचा पश्चिम भाग कालव्याच्या वर राहतो. तिथे पाणी चढवावे लागते किंवा श्रीशैलमच्या जलाशयातून आणावे लागते. बँकेतली नोकरी सोडून दुशर्ला सत्यनारायण यांनी ‘जल साधना समिती’ उभी केली आणि ही मागणी वर्षानुवर्षे लावून धरली. मोर्चे झाले, निवेदने झाली.

मग 1996 ची लोकसभा निवडणूक आली. समितीने ठरवले की उमेदवारच व्हायचे. अनामत रक्कम होती 500 रुपये. नलगोंडा मतदारसंघात रिंगणात उरले 480 उमेदवार. इतकी नावे एका मतपत्रिकेवर मावणे शक्यच नव्हते. तिची पुस्तिका करावी लागली आणि मतदान पुढे ढकलावे लागले. शेवटी भारतीय कम्युनिस्ट पक्षाचे बी. धर्मभिक्षम निवडून आले, आणि रिंगणातल्या बहुतेकांची अनामत गेली. पण दिल्लीतल्या वर्तमानपत्रांना पहिल्यांदा विचारावे लागले की या जिल्ह्यात असे काय झाले आहे. त्यानंतर त्याच वर्षी लोकसभेची अनामत 500 वरून 10,000 रुपये झाली. पाण्याची मागणी पूर्ण व्हायच्या कितीतरी आधी तो मार्ग बंद झाला.

2004 मध्ये कृष्णेचे पाणी हैदराबादला नेणाऱ्या मोठ्या जलवाहिनीचा पहिला टप्पा सुरू झाला. ती याच जिल्ह्यातून जाते. पाणी शुद्ध करण्याचे केंद्रही याच जिल्ह्यात, कोदंडापूरला. राजधानीसाठी पाणी इतक्या उंचीवर चढवता येते, तर वाटेतल्या गावांसाठी का नाही, हा प्रश्न विचारायला आता अभियंत्याची गरज उरली नव्हती.

तेलंगणा वेगळे झाल्यावर 2016 मध्ये ‘मिशन भगीरथ’ सुरू झाले आणि घरोघर नळाने नदीचे पाणी देण्याचे काम मोठ्या वेगाने झाले. 2020 मध्ये केंद्र सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार राज्यात फ्लोराइडबाधित पाणी पिणारी वस्ती एकही उरली नव्हती. ही फार मोठी गोष्ट आहे आणि ती तशीच सांगायला हवी. त्या आकड्याचा अर्थ मात्र पुरवठ्यापुरता आहे. खडक तोच आहे, बोअर तिथेच आहेत, आणि नळाला चार दिवस खंड पडला की हापशाकडेच जावे लागते. ज्यांची हाडे आधीच जुळली, ते चाळीस-पन्नास वर्षांचे लोक तसेच आहेत. त्यांना हवे आहेत पेन्शन, चाकाची खुर्ची आणि घरी येणारा फिजिओथेरपिस्ट.

श्रीशैलमहून नलगोंडाकडे पाणी आणणारा सुमारे 44 किलोमीटरचा बोगदा अजून पुरा झालेला नाही. 22 फेब्रुवारी 2025 रोजी त्याचे छत कोसळले आणि आत काम करणारे 8 जण अडकले. त्यातला कुणीही जिवंत बाहेर आला नाही.

तोच जुना कठीण खडक महाराष्ट्रातही येतो. यवतमाळ, चंद्रपूर आणि नांदेडच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड जास्त आहे. पांढरकवड्याच्या भूजलाचा अभ्यास 2007 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये छापून आला. इथे हाडे आखडेपर्यंत थांबायची गरज नाही. दातांचे आवरण घडते ते बालपणातच, आणि त्या वर्षांत फ्लोराइड जास्त गेले तर कायमचे दात डागाळलेले येतात: आधी खडूसारखे पांढरे पट्टे, मग पिवळे, मग तपकिरी. हे डाग घासून जात नाहीत आणि ते दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारखे असतात. तिसरी-चौथीच्या वर्गातल्या निम्म्या मुलांचे समोरचे दात असे दिसले, तर शिक्षकाने त्याच आठवड्यात गावातल्या प्रत्येक बोअरचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत पाठवावे. सगळ्या बोअर सारख्या नसतात. दोनशे फुटांवरच्या दुसऱ्या बोअरचे पाणी पिण्यासारखे निघते, असे पुष्कळदा घडते, आणि पाइपलाइन येईपर्यंत पिण्यासाठी ती वापरता येते, धुण्याभांड्यांसाठी पहिली.